दादाच्या मापाची फरशी

आमच्या चर्चमधला वेदीचा ओटा मुळात तोकडा होता. उभं राहून मिस्साची उपासना करणाऱ्या फादरला तो पुरायचा, पण त्यावर माणूस पालथा झोपला असता तर गुडघ्याखालचे पाय पायरीवरून लोंबले असते. चर्चमध्ये पालथं कोण झोपणार, म्हणून हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दादाची गुरुदीक्षा ठरली आणि ते आण्णांच्या ध्यानात आलं. दीक्षेच्या दिवशी जो धर्मगुरू होणार असतो तो वेदीपुढं जमिनीवर पालथा पडतो, कपाळ हातांवर टेकवतो, आणि सगळी मंडळी गुडघ्यावर येऊन एकेका संताला हाक मारत त्याच्यासाठी विनवणी करते. दादानं हे घरी एकदा सहज सांगितलं होतं. आण्णा गवंडी. त्यांनी त्यातलं झोपणं तेवढं उचललं. बेनेडिक्ट फादरांची परवानगी काढून आले आणि म्हणाले, ओटा पुढं घ्यायचा, शहाबादी फरशी घालायची, आणि ती दानियलच्या मापाची घालायची.

"झोप रे हितं," आण्णा म्हणाले. दादा हसत हसत अंगणात सारवलेल्या जागेवर पालथा झाला. सुतळीचं एक टोक मी त्याच्या पायाच्या बोटांशी धरलं, दुसरं आण्णांनी डोक्याच्या वर धरलं.

माय चुलीपुढून म्हणाली, "अवो, जित्या लेकराचं असं आडवं माप घेत्यात व्हय? मेल्याचं घेत्यात."

"हे बी मरणंच हाय माय," दादा तोंड खाली ठेवूनच बोलला. "जुना दानियल मरायचा, नवा उठायचा. तसंच शिकवलंय आमाला."

"मग नवा उठला की त्येला म्हणावं, आधी दळण आणून दे."

आण्णांनी सुतळीला गाठ मारली आणि ती खुंटीला अडकवली. घरात त्या दिवसांत बरंच काही असं अडकवलेलं, गुंडाळलेलं, झाकलेलं होतं. आण्णा तेरखेड्याला जाऊन फटाके घेऊन आले होते. एसटीत फटाके चालत नाहीत, म्हणून ज्वारीच्या पोत्यात मधोमध घालून आणले, आणि सारा रस्ता ते पोतं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, ज्वारी एवढी लेकरावानी का धरलीय, तर म्हणाले, बियाण्याची हाय. दीक्षा झाल्यावर दादा चर्चच्या दारात आला की तोफा उडवायच्या होत्या. भूमच्या खव्याची सोय झाली होती. पंगतीच्या आमटीसाठी येसराचा मसाला मायनं भाजून, कुटून डब्यात भरला होता आणि त्याचा वास घरभर, कपड्यांना, उशीला, माझ्या वह्यांनाही लागला होता.

आणि मायचा रुमाल होता. रुमाल म्हणजे मांजरपाटाचा लांबट तुकडा. दीक्षेत बिशप नव्या धर्मगुरूच्या तळहातांना पवित्र तेल लावतात, मग ते दोन्ही हात अशा पांढऱ्या कापडानं बांधतात. सोडल्यावर ते तेलकट कापड आईला देतात. आई ते जन्मभर जपते, धूत नाही, आणि ती मेली की तिच्या हातात ते देऊन तिला पुरतात. देवापुढं रिकाम्या हातानं जायचं नाही, एक लेक तुला दिला होता हे दाखवायचं. सगळीकडं ही रीत असतेच असं नाही, पण आमच्याकडच्या बायांनी ती मनाला लावून घेतली होती. मायनं कापडाची कड दुपारच्या वेळी उंबऱ्यात बसून शिवली. एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं छोटा क्रूस काढला. तो जरा तिरका आला. उसवून पुन्हा काढ म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. देवाला काय टेपानं मोजायचंय."

आमची वस्ती तामलवाडीच्या बाहेर, सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. आज तिथून चारपदरी रस्ता गेलाय, तेव्हा दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक खाली उतरायची. जीप भरून लोक देवीला जायचे, संबळ वाजायचा, आम्ही चर्चमध्ये गीत म्हणत असलो तरी तो ऐकू यायचा. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आजोबांच्या वेळी काही घरांनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी घेतला नाही. मायचं माहेर अर्धं इकडं, अर्धं तिकडं. तिची थोरली बहीण, आमची मावशी, तुळजापुरातच राहायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि नाताळला आमच्याकडं येऊन सगळ्यांत जास्त करंज्या तीच करायची.

मी तेव्हा सोळा वर्षांचा. माझ्या आणि दादाच्या मधली दोन भावंडं लहानपणीच गेली होती, त्यामुळं तो मला भावापेक्षा थोडा बापच होता. सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी शिकतात त्या मठातून, तो सुट्टीला यायचा तेव्हा घरात सण असायचा. कोंबडीनं घातलेलं अंडं त्याच्या ताटात. चांगलं पांघरूण त्याला. गावात कुणाचं भांडण असलं तर त्याला बोलवायचे. ओटा बांधायच्या त्या उन्हाळ्यात माझी दहावी झाली होती आणि मला मार्क चांगले पडले होते. मार्क सांगितले तेव्हा आण्णा म्हणाले, "चांगलं झालं. हिशेब तर करता येतील. एक देवानं घेतला, दुसऱ्यानं आता थापी धरावी. मला एकट्याला उरकंना." त्यात वाईट काहीच नव्हतं. त्यांचे गुडघे गेले होते. पण दुसऱ्या दिवसापासून मी दादा जिथं पालथा पडणार त्या जागेसाठी वाळू चाळत होतो, आणि चाळणीतून वाळू खाली पडताना माझ्या मनात जे साचत होतं त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. आज देतो. मला त्याची जागा हवी होती. देवासाठी किती हवी होती ते देव जाणे. मला ते अंडं हवं होतं, ते पांघरूण हवं होतं, आणि माझ्यासाठी कुणीतरी सुतळी धरून माप घ्यायला हवं होतं.

दीक्षेआधी चर्चमध्ये पुकार होतो. लग्नाआधी होतो तसाच. तीन रविवार फादर वेदीवरून सांगतात, अमक्याचा मुलगा अमका धर्मगुरू होऊ इच्छितो, त्याला आड येईल असं काही कुणाला ठाऊक असेल तर त्यानं ते येऊन सांगावं, सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. पहिल्या रविवारी फादरांनी हे वाचलं तेव्हा आण्णा ताठ बसले होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दानियलचं काय सांगावं? लहानपणी आमच्या चिंचा चोरल्यात." लोक हसले. फादरही हसले. मी हसलो नाही, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती.

त्याच्या आदल्या वर्षी माय फार आजारी पडली होती. अंगाला सूज, ताप उतरेना, सोलापूरच्या डॉक्टरांनीही घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मावशी तिच्या देवीला नवस बोलली होती, बहीण उठून बसली तर तिचा थोरला लेक ओल्या अंगानं लोटांगण घालील. कुणाला न विचारता बोलली. माय उठून बसली. औषधानं बसली, प्रार्थनेनं बसली, कशानं ते मी सांगणार नाही. पण त्यानंतर मावशीनं अंथरूण धरलं, आणि तिच्या डोक्यात एकच बसलं की नवस फिटला नाही तर बहिणीचं दुखणं परत येणार. दादा सुट्टीला आला तशी ती त्याचा हात धरून रडली. "तू मोठ्या देवाचा झालास रे लेका, पण माझा शबुद हाय तिच्यापशी. म्या मेल्यावर कोण फेडील?"

दादानं रात्रभर विचार केला असेल, किंवा केला नसेल. सकाळी मला म्हणाला, "शाम्या, कोरडं धोतर घे, माझ्याबरोबर चल." माझं नाव शमुवेल. आम्ही तुळजापूरला गेलो. पायऱ्या उतरून तो देवळातल्या कल्लोळ तीर्थात बुडाला आणि ओल्या अंगानं देवळाभोवती फरशीवर आडवा झाला. मी कोरडं धोतर छातीशी धरून मागं मागं चालत होतो. गर्दी होती, लोक वाट देत होते, एका बाईनं त्याला हात लावून हात कपाळाला लावला. मावशीला दोघांनी खुर्चीत बसवून आणलं होतं. तिनं ते सगळं बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. मरणाच्या भीतीनं ताणलेला चेहरा असा सैल होतो हे मी पुढं खूपदा पाहिलं, पण पहिल्यांदा तिथं पाहिलं. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

परत येताना मी विचारलं, "दादा, हे चालतं का आपल्यात?"

"न्हाय चालत," तो म्हणाला. "पण मी तिथं काय मागितलं नाही. तिचं ओझं तेवढं उतरवलं. देवाला कळतंय." मग म्हणाला, "घरी सांगायचं असलं तर सांग. चोरी न्हाय केली."

मी घरी सांगितलं नाही. मी ते ठेवून दिलं.

आमच्या चर्चमध्ये कबुलीसाठी वेगळी खोली वगैरे नव्हती. बाजूच्या भिंतीला एक खुर्ची, तिच्या कडेला लाकडी जाळी, जाळीच्या अलीकडं गुडघे टेकायला फळी. तिसऱ्या पुकाराच्या आदल्या शनिवारी दुपारी मी त्या फळीवर गुडघे टेकले. बेनेडिक्ट फादर म्हातारे, वसईकडचे, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. पलीकडून त्यांच्या तपकिरीचा वास येत होता.

मी म्हणालो, "फादर, माझ्या भावाबद्दल एक सांगायचंय."

"थांब बाळ." त्यांचा आवाज एकदम जागा झाला. "इथे स्वतःचं पाप सांगायचं. दुसऱ्याचं नाही."

मी फळीवर गुडघे सावरले.

"पुकाराबद्दल काही असेल तर ते बाहेर सांगतात. नीट ऐक. इथे सांगितलेलं मला इथून उचलून नेता येत नाही. बाहेर सांगितलेलं मला ठेवून घेता येत नाही, ते मला वर कळवावं लागतं. समजलं? आता सांग, इथे तुझं स्वतःचं काय आहे?"

माझं स्वतःचं तिथंच होतं. जिभेवर होतं. मला दादाचा हेवा वाटतो, फादर. एवढं वाक्य. ते बोललो असतो तर तीनदा नमो मरियाची प्रार्थना म्हणण्याच्या प्रायश्चित्तात सगळं मिटलं असतं, त्यांनी हात वर करून मला मोकळं केलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तिसरा पुकार होऊन दादा पुढं धर्मगुरू झाला असता. गेली कित्येक वर्षं मी जाळीच्या पलीकडच्या बाजूला, त्या खुर्चीत बसतो. माणूस दुसऱ्याबद्दल बोलायला लागला की मीही म्हणतो, थांब, इथं तुझं स्वतःचं काय आहे? आणि ते म्हणताना दर वेळी मला माझेच दोन गुडघे त्या फळीवर दिसतात.

"काही नाही, फादर," मी म्हणालो आणि उठलो.

बाहेर लिंबाखाली नळ होता. मी त्याच्या कट्ट्यावर बसून राहिलो. आतल्या म्हाताऱ्या बायांच्या कबुल्या होईपर्यंत मला घरी जाता आलं असतं. फादर बाहेर आले, मला बघून थबकले. मी उभा राहिलो आणि तुळजापूरचं सगळं सांगितलं.

त्यांनी नळाखाली हात धुतले. मग विचारलं, "तू हे का सांगतोयस?"

"पुकारात तसं वाचलं म्हणून."

"एवढंच?"

"व्हय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता. त्या हातात राग नव्हता, हे मला अजून टोचतं.

सोमवारी मी ओट्याशी सिमेंट-वाळूचा माल कालवत होतो. फरश्या बसल्या होत्या, कडेचं काम राहिलं होतं. आण्णा आणखी सिमेंट आणायला गेले होते. फादरांनी दादाला बोलावलं आणि बाजूच्या खोलीचं दार उघडंच राहिलं.

"दानियल, तुळजापूरला तू लोटांगण घातलंस हे खरं?"

"खरं."

"लोकांनी पाहिलं?"

"दिवसाढवळ्या घातलं फादर. लई लोकांनी बघितलं असंल."

"कशासाठी?"

"मावशीनं शब्द दिला होता. तो राहिला म्हणून तिचा जीव जाईना."

फादर म्हणाले, "मी तुझ्याबरोबर बिशपांकडे येतो. चूक झाली, असं तू म्हण. तेवढं म्हटलंस की मी पुढचं बघतो."

मी फावडं थांबवलं होतं.

"कुणाच्या मनात घोटाळा झाला असंल तर त्याचं वाईट वाटतं, ते म्हणतो," तो म्हणाला. "पण चूक झाली म्हटलं तर मेलेल्या मावशीला मी खोटं पाडलं. ते बिशपांपुढं जाऊन कसं म्हणू? आणि म्हटलं नाही आणि तसाच पालथा पडलो, तर ते तरी काय पालथं पडणं."

"तू हट्ट करतोयस."

"असंल फादर."

कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही. चर्चमधल्या माणसांपैकी तुळजापुरात त्याच्याबरोबर मी एकटा होतो. तो बाहेर आला, माझ्यापुढं उभा राहिला. मी खाली बघत होतो. त्यानं माझ्या हातातलं फावडं घेतलं. "लई पातळ केलास रे माल," म्हणाला, पोत्यातलं कोरडं सिमेंट ओतलं आणि स्वतः कालवायला लागला.

बिशपांनी त्याला काढून टाकलं नाही. एक वर्ष थांब, विचार कर, म्हणाले. पण दादा शहरातून परत आला तो सेमिनरीतली आपली लोखंडी पेटी डोक्यावर घेऊनच आला. मायनं पेटी बघितली आणि काही न विचारता भाकरी वाढली. हुलग्याची शेंगोळी केली होती, ती त्याला आवडायची. सगळ्यांची जेवणं होत आली. आण्णांनी शेवटी विचारलं, "परत कधी जायचं?"

"बघू," दादा म्हणाला.

तो परत गेला नाही. फटाके आण्णांनी एका दुपारी जनावरांच्या हौदात भिजत घातले. एकेक सुतळी बॉम्ब हातात घेऊन पाण्याखाली दाबून धरत होते, बुडबुडे येईपर्यंत. मग ते ओलं गाठोडं बांधाला पुरलं. माय रुमाल पेटीच्या तळाशी ठेवताना मी पाहिलं. ओटा मात्र तसाच राहिला. लावलेली फरशी कोण काढणार?

पावसाळा सुरू झाला तसं दादानं आण्णांची थापी घेतली. आणि मी, ज्यानं ती घ्यायची होती, मी एका संध्याकाळी म्हणालो की मला सेमिनरीत जायचंय. आण्णांचा हात ताटातच राहिला. दादाच बोलला. "जाऊ द्या त्येला. मी हाय की आता." हे असं होईल असा विचार मी लिंबाखाली बसून केला होता का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नव्हता केला. केला होता. इतका स्पष्ट नसेल, पण केला होता. पुढं सुट्टीला आलो की अंडं माझ्या ताटात यायला लागलं. ते मला गिळवेना असं लिहिलं तर खोटं होईल. मी ते खाल्लं.

माझी दीक्षा झाली तेव्हा बेनेडिक्ट फादर हयात नव्हते. नव्या फादरांनी माझा पुकार केला. तिसऱ्या रविवारी मी घरी होतो. मागच्या ओळीत दादा, त्याची बायको रूथ, मांडीवर पोर. "आड येईल असं काही कुणाला ठाऊक असेल तर" हे शब्द आले आणि ते पोर रडायला लागलं. दादा उठला आणि त्याला घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, आता हा नळापाशी थांबणार, आणि मिस्सा संपली की फादरांना गाठणार. मिस्साभर मी उघड्या दारातून बघत होतो. दादा लिंबाखाली पोराला खांद्यावर घेऊन हलवत उभा होता. ते झोपल्यावर आत आला आणि जागेवर बसला.

दीक्षेचा दिवस लोकांना अजून आठवतो. हलगी लावून, लेझीम खेळत मला रस्त्यापासून आणलं. मांडव पार लिंबापर्यंत. येसराच्या आमटीची पातेली तीन दगडांवर रटरटत होती. आतमध्ये माझं नाव पुकारलं आणि मी "हजर आहे" म्हणालो. बिशपांनी विचारलं, "हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का?" आणि माझ्या वतीनं उभे राहिलेले फादर म्हणाले, "लोकांकडे चौकशी केली आहे. हा योग्य आढळला आहे, अशी मी साक्ष देतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांत गवंड्याच्या हातांचा आवाज वेगळा येतो, कोरडा. तो मला मागून ऐकू आला.

मग मी पालथा झालो. शहाबादी फरशी उन्हाळ्यातही गार असते. कपाळ हातांवर टेकवलं तेव्हा मला माझ्या पायाची बोटं कुठं पोचली ते कळलं. दादा उंच आहे, मी आण्णांवर गेलोय. माझ्या बोटांपासून पायरीपर्यंत हातभर फरशी मोकळी राहिली होती. मंडळी एकेका संताला हाक मारत होती, आमच्यासाठी विनंती कर, आमच्यासाठी विनंती कर, आणि मला पाठीमागची ती मोकळी हातभर जागा तेवढी जाणवत होती. उठल्यावर बिशपांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. त्या वेळी कुणी काही बोलत नाही, गाणं थांबतं, पोरंसुद्धा गप्प होतात. मग आलेल्या सगळ्या फादरांनी एकामागून एक येऊन हात ठेवले. त्यांतल्या प्रत्येक हातात मी बेनेडिक्ट फादरांचा हात शोधत होतो. तेल लावलं. हात बांधायला रुमाल पुढं आला तेव्हा मी कोपऱ्यातला निळा क्रूस बघायला लागलो. नव्हता. कापड नवं होतं, कड मशीनवर मारलेली होती.

मला वाटलं, जुना उंदरांनी खाल्ला असेल.

सगळं झाल्यावर नव्या धर्मगुरूच्या तळहातांचं चुंबन घ्यायला रांग लागते. मायनं घेतलं, तेलकट रुमाल माझ्याकडून घेतला, घडी केली, पिशवीत ठेवला. डोळ्यांना लावला नाही. मग दादा आला. वाकला, एका तळहाताचं घेतलं, दुसऱ्याचं घेतलं. "जेवून घ्या फादर," म्हणाला, "सकाळपासून उपाशी हाय तुमी." त्या दिवसापासून तो मला अहो-जाहो करतो. शाम्या म्हणणारं आता कुणी राहिलं नाही.

माय गेल्या वर्षी गेली. आण्णा आधीच गेले होते. मी पोचलो तेव्हा तिला आंघोळ घालून, पांढरं लुगडं नेसवून ठेवलं होतं. शेवटचा विधी मीच करणार होतो. रूथ पेटी उघडून बसली होती. तिच्या मांडीवर दोन रुमाल होते. एक पिवळा पडलेला, डाग पडलेला, माझ्या तेलाचा. दुसरा पांढराशुभ्र, इतक्या वर्षांच्या घड्यांच्या रेषा असलेला, कोपऱ्यात तिरका निळा क्रूस.

मी हात पुढं केला, पिवळा घ्यायला. रूथनं दादाकडं बघितलं.

"आत्याबाईंनी सांगून ठिवलंय," ती खाली बघत म्हणाली. "हातात ह्यो द्यायचा." तिनं पांढरा उचलला. "आन् फादरचा फादरला माघारी द्यायचा."

"कधी सांगितलं?"

"लई दिस झालं. माझं लगीन झालं त्या सालीच."

म्हणजे माझ्या दीक्षेच्याही आधी. फादरांना कुणी सांगितलं ते मायला तेव्हापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तिनं माझ्यासाठी मांजरपाट विकत आणलं, कड मारून घेतली, माझ्या ताटात अंडं वाढलं. दादानं तो कोरडा रुमाल तिच्या बोटांत गुंफला. तेलाचा थेंब न लागलेला. तो घेऊन ती गेली.

पुरून झालं, लोक पांगले. कबरीच्या डोक्याशी क्रूस पक्का बसवायचा होता, दादा तिथंच बसून माल कालवत होता. मी अजून झग्यातच होतो, खिशात माझा रुमाल. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो.

"दादा," मी म्हणालो, "मला एक कबुली द्यायचीय. तुझ्यापाशी. बेनेडिक्ट फादरांना पुकाराच्या वेळी..."

त्यानं थापी चालूच ठेवली.

"कबुली ऐकायला दीक्षा लागती, फादर," तो म्हणाला. "माझ्याकडं कुठं हाय?"

लिंबावर कावळे होते. त्यानं घमेलं माझ्याकडं सरकवलं आणि तांब्या दाखवला.

"पाणी घाला जरा. बेतानं."

मी तांब्या उचलला आणि घमेल्यात पाणी सोडायला लागलो. तो मालाकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

"बास," तो म्हणाला.